बकऱ्याच्या डोळ्यावरून माणसाचा डोळा शिकवायचा आहे: कापायचा कसा, आणि फरक कुठे सांगायचे?

फळा_खडू

नमस्कार मंडळी. दहावीच्या विज्ञानात भिंगांच्या धड्यात मानवी डोळा येतो. मुलं आकृती झकास काढतात, नावंही बिनचूक देतात. पण पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आणि भिंग यांच्यामध्ये नक्की काय असतं असं विचारलं की वर्ग गप्प. म्हणून बकऱ्याचे डोळे आणून मुलांसमोर उघडायचा विचार आहे. मुख्याध्यापकांची परवानगी आहे, पालकांना चिठ्ठ्या गेल्या आहेत, ज्यांना बघायचं नाही त्यांना दुसरं काम दिलं आहे. पट चाळीसचा. जोडून दोन तासिका मिळतील, म्हणजे सत्तर मिनिटं.

अडचणी अशा आहेत. दुकानातून येणाऱ्या डोळ्यांचं पारपटल बऱ्याचदा पांढरंफटक असतं, ते का? कापायला सुरुवात कुठून करायची? पुढून चीर दिली की पाणी उडतं आणि डोळा चपटा होतो. दृष्टिपटल (प्रतिमा पडते तो मागचा पडदा) म्हणून नेमकं काय दाखवायचं? आत निळसर चमकदार काहीतरी दिसतं, तेच का ते? आणि बकऱ्याचा डोळा दाखवून माणसाचा शिकवताना कुठे सावध राहायचं?

---

कात्री_चिमटा

पांढऱ्या पारपटलाचं कारण दुकानातच आहे. आपल्याकडे केस काढण्यासाठी मुंडी भाजून देतात. त्या आचेत पारपटलातली प्रथिनं गोठतात आणि ते कायमचं पांढरं होतं. मग मिठाच्या पाण्यात ठेवा नाहीतर आणखी कशात, ते साफ होत नाही. त्यामुळे आदल्या दिवशीच खाटिकाला सांगून ठेवायचं: मुंडी भाजायच्या आधी डोळे काढून हवेत, मागची नस एक सेंटिमीटर तरी राहू द्या, आणि सुरीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. सहा मुंड्यांचे बारा डोळे पुरतात. पाच-पाच मुलांचे आठ गट, दोन डोळे राखीव, एक तुमच्या हातात आणि एक अखंड ठेवायला.

भाजलेले नसूनही धुरकट दिसतात ते शिळेपणामुळे. सकाळी सातला घेतलेले डोळे अकराच्या तासाला छान राहतात. तोवर 0.9 टक्के मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे एक लिटरला 9 ग्रॅम मीठ. नुसत्या पाण्यात ठेवलेत तर पारपटल पाणी पिऊन फुगतं आणि दुधाळ होतं. फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नाही, पण खालच्या कप्प्यात. फ्रीझरमध्ये ठेवलेला डोळा वाया गेला असंच समजा, बर्फाच्या कणांनी आतला काचाभ द्रव (भिंगामागची जेली) पाणचट होतो आणि दृष्टिपटलाच्या चिंध्या होतात. फ्रीजमधून काढल्यावर भिंगाच्या मध्यभागी पांढरा ढग दिसला तर लगेच टाकून देऊ नका. कोवळ्या जनावराच्या भिंगात थंडीने असा ढग धरतो आणि भिंग खोलीच्या तापमानाला आलं की आपोआप विरतो. तासाच्या अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवलं की झालं.

सामान: स्टीलचा किंवा मेणाचा ट्रे, 11 नंबरचं सर्जिकल ब्लेड 3 नंबरच्या मुठीत बसवलेलं, बारीक टोकाची सरळ कात्री, दोन चिमटे, बशी, वर्तमानपत्र, टॉर्च. हातमोजे आणि चष्मा सगळ्यांना, बघणाऱ्यांनाही. जनावरांच्या अवयवांतून ब्रुसेलोसिससारखे आजार येऊ शकतात, त्यामुळे हाताला जखम असलेल्या मुलाने नुसतं बघायचं. गरोदर शिक्षिका असतील तर त्यांनी या तासापासून लांब राहिलेलं बरं.

आता कापणं. आधी बाहेरचं बघून घ्या. पिवळट पांढरी चरबी कात्रीने काढत गेलात की खाली लालसर स्नायूंचे पट्टे लागतात. चरबी ओढून काढू नका, नसेवर ताण येतो. ती साफ झाली की कठीण पांढरं श्वेतपटल उघडं पडतं आणि मागे तीन-चार मिलिमीटर जाडीची दृष्टिचेता, म्हणजे तीच मागची नस, दिसते. ती डोळ्याच्या बरोबर मागे मधोमध नसते, बकऱ्यात ती खालच्या अंगाला सरकलेली असते. डोळ्याची खालची बाजू कोणती हे त्यावरून ठरवा, पुढे उपयोगी पडेल.

पहिली चीर पारपटलावर नको. पारपटल आणि नस यांच्या बरोबर मध्यावर, श्वेतपटलावर द्या. डोळा निसरडा असतो आणि आतून ताणलेला असतो, त्यामुळे ब्लेड घसरतं. डोळा ओल्या कापडाच्या चुंबळीवर बसवा, बोटं ब्लेडच्या रेषेत येऊ देऊ नका, आणि दाबून कापण्याऐवजी एकाच जागी हलके-हलके चार-पाच घाव द्या. आत गेलं की काळं पाणी किंवा जेलीचा थेंब बाहेर येतो. तिथेच ब्लेड थांबवायचं. ही पहिली चीर प्रत्येक गटाला तुम्हीच देऊन ठेवा, मुलांच्या हाती ब्लेड नको. पुढचं काम कात्रीचं. कात्रीचं एक पातं भिंतीला लागून आत सरकवा आणि गोल फिरवत डोळ्याचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग करा. पातं खोल गेलं तर जेली आणि दृष्टिपटल दोन्ही कातरली जातात. दृष्टिपटल न सापडण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

दोन्ही अर्धगोल वेगळे करताना पुढचा भाग खाली ठेवा आणि मागचा भाग टोपी उचलावी तसा हळूच वर घ्या. जेली बहुधा पुढच्या भागाला चिकटून राहते. मागच्या वाटीत थोडं मिठाचं पाणी ओता आणि टॉर्च मारा. पाण्यात तरंगणारा, सुरकुतलेला, फिकट राखाडी पापुद्रा दिसेल. तेच दृष्टिपटल. चिमट्याने हलकेच ओढलं तर ते सगळीकडून सुटतं, फक्त एका ठिपक्यापाशी घट्ट राहतं. त्या ठिपक्यातून सगळे चेतातंतू बाहेर पडतात, म्हणून प्रकाश टिपणाऱ्या पेशी तिथे नसतात. हाच अंधबिंदू. वाटी उलटी करून बघा, बाहेर बरोबर त्याच जागी नस आहे. आकृतीतला अंधबिंदू मुलांना इथे हाताला लागतो. विच्छेदनात एवढं एकच नीट जमलं तरी तास सार्थकी लागला म्हणायचं.

तुम्हाला दिसलेली निळी-हिरवी चमक दृष्टिपटलाची नव्हे. दृष्टिपटलाच्या मागे काळं रंजितपटल असतं आणि बकऱ्यात त्याच्या वरच्या भागात तंतूंचा एक परावर्तक थर असतो. त्याला रंगद्रव्य नाही, बारीक तंतूंच्या रचनेवरून प्रकाश परतताना तो रंग तयार होतो. रात्री टॉर्चच्या उजेडात शेळ्या-मेंढ्यांचे डोळे चमकतात ते याच थरामुळे. एकदा दृष्टिपटलातून गेलेला प्रकाश परत फिरवून पेशींना दुसरी संधी द्यायची, एवढंच त्याचं काम. वाटी कोरडी पडू देऊ नका, रंग उतरतो.

पुढच्या भागात जेली अलगद बाजूला केली की भिंग दिसतं, दीडेक सेंटिमीटर रुंदीचं. भोवती काळ्या रंगाच्या उभ्या घड्यांचं कडं असतं, त्यातच भिंगाचा आकार बदलणारे समायोजी स्नायू असतात. कडं आणि भिंग यांच्यामध्ये पारदर्शक धागे आहेत, ते समोरून दिसत नाहीत. टॉर्च आडवा धरला की काळ्या पार्श्वभूमीवर चमकतात. ते बघून झाल्यावरच कात्रीच्या टोकाने तोडून भिंग सोडवा. भिंगाला नखाने किंवा दातेरी चिमट्याने उचलू नका, त्याचं वेष्टण फाटतं. प्लास्टिकचा चमचा वापरा.

भिंग वर्तमानपत्रावर ठेवलं की खालची अक्षरं मोठी दिसतात. दोन बोटांच्या चिमटीत धरून त्यातून खिडकीकडे पाहिलं की खिडकी उलटी. नंतर एक भिंग साधारण 80 अंशांच्या गरम पाण्यात टाका, काही मिनिटांत पांढरं होतं. मोतीबिंदू म्हणजे पारदर्शक भिंग अपारदर्शक होणं हे मुलांच्या लक्षात येतं. मात्र माणसाचा मोतीबिंदू उष्णतेने शिजून होत नाही, भिंगातली प्रथिनं वर्षानुवर्षं बदलत जाऊन होतो, हेही त्याच दमात सांगा.

---

डोळस_वैद्य

वरच्या प्रतिसादात कापण्याबद्दल भर घालण्यासारखं काही नाही. मी माणसाच्या बाजूने लिहितो, कारण बकऱ्याचा डोळा बघून मुलं काही गोष्टी चुकीच्या पक्क्या करतात.

आधी मापं. प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे साधारण 24 मिलिमीटर. पारपटल आडवं 11.5 ते 12 मिलिमीटर, मध्यावरची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. श्वेतपटल मागच्या बाजूला सुमारे 1 मिलिमीटर जाड, स्नायू चिकटतात त्या जागेमागे मात्र 0.3 मिलिमीटर. काचाभ द्रव सुमारे 4 मिलिलिटर, म्हणजे डोळ्याचा सर्वांत मोठा भाग तोच, आणि त्यात 98-99 टक्के पाणी. पारपटल आणि भिंग यांच्यामध्ये काय असतं हा तुमचा वर्गातला प्रश्न चांगला आहे. तिथे नेत्रोद नावाचा पातळ द्रव असतो, पारपटल आणि बुबुळ (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) यांच्यामधल्या पोकळीत सुमारे पाव मिलिलिटर. तो साठलेला नसतो, वाहता असतो. समायोजी स्नायूंच्या त्याच काळ्या कड्यातून तो मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर या वेगाने पाझरतो, बाहुलीतून पुढे येतो आणि पारपटल-बुबुळाच्या कोपऱ्यातल्या जाळीतून बाहेर पडतो. हा निचरा अडला की दाब वाढतो. नेहमीचा दाब 10 ते 21 मिलिमीटर पारा इतका धरतात. काचबिंदूत बहुतेकदा वाढलेला दाब मागच्या नसेचे तंतू मारत जातो, आणि कडेची नजर आधी जात असल्याने रुग्णाला फार उशिरा कळतं. पुढून चीर दिल्यावर उडणारं पाणी म्हणजे हा नेत्रोदच.

आता सर्वांत मोठा गैरसमज. वर्तमानपत्रावर ठेवलेलं भिंग इतकं जोरदार काम करतं की मुलं समजतात, डोळ्यातलं सगळं फोकसिंग भिंगच करतं. तसं नाही. माणसाच्या डोळ्याची एकूण ताकद सुमारे 60 डायऑप्टर (भिंगाच्या ताकदीचं एकक), त्यातली 43 च्या आसपास एकट्या पारपटलाची. प्रकाश वाकतो तो दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांतल्या फरकामुळे. हवेचा अंक 1, पारपटलाचा 1.376, हा फरक मोठा. भिंगाचा 1.4 च्या आसपास, पण त्याच्या दोन्ही बाजूंना 1.336 चे द्रव, त्यामुळे फरक जेमतेम 0.07. तेच भिंग तुम्ही हवेत काढलंत की फरक 0.4 होतो आणि ताकद पाच-सहा पट दिसते. हे वर्गात दाखवता येतं: बशीत वर्तमानपत्राचा प्लास्टिकमध्ये घातलेला तुकडा ठेवा, त्यावर भिंग ठेवा, आणि भिंग बुडेपर्यंत पाणी ओता. अक्षरं लगेच लहान होतात. विहिरीत बुडी मारून डोळे उघडले की धूसर का दिसतं, त्याचंही उत्तर यातच आहे. पारपटलापुढे हवेऐवजी पाणी आलं की त्याची जवळजवळ सगळी ताकद जाते.

मग भिंग कशाला? बारीक जुळवणीसाठी. इथे मुलं हमखास उलटं लिहितात. समायोजी स्नायू आकुंचन पावले की भिंग ताणलं जात नाही, उलट धागे सैल पडतात आणि भिंग आपल्या लवचीकपणाने फुगतं. जवळचं बघताना स्नायू काम करतात, दूरचं बघताना सैल असतात. दहा वर्षांच्या मुलात ही जुळवणी 14 डायऑप्टरच्या आसपास असते, पन्नाशीत दोनच्याही खाली येते, कारण भिंग ताठर होतं. म्हणून चाळिशीत चष्मा. बकऱ्यात हे समायोजन मुळातच फार कमी, त्यामुळे त्याच्या डोळ्यावर ते दाखवायला जाऊ नका.

आणखी फरक असे. बकऱ्याची बाहुली आडवी, आपली गोल. बकऱ्याच्या बाहुलीच्या वरच्या काठावर काळ्या गाठी लोंबतात. ती रोगाची खूण नाही, वरून येणारं ऊन अडवण्यासाठी ती सोय आहे. आपला डोळा सहा स्नायू फिरवतात, बकऱ्यात शिवाय डोळा आत ओढून घेणारा एक स्नायू नसेभोवती असतो. परावर्तक थर माणसात नाही. फ्लॅशच्या फोटोत आपले डोळे लाल येतात तो रंजितपटलातल्या रक्ताचा रंग. आणि पीतबिंदू बकऱ्याच्या डोळ्यात शोधू नका. मध्यभागी खळगा असलेला पीतबिंदू सस्तन प्राण्यांत माणूस आणि माकडं-वानरं यांच्यातच असतो. माणसात तो दीड मिलिमीटरभराचा खळगा आहे, त्याच्या मधोमध फक्त शंकू पेशी, म्हणजे उजेडात रंग आणि बारकावे टिपणाऱ्या. वाचणं, चेहरे ओळखणं, सुईत दोरा ओवणं ही कामं तेवढ्याशा जागेवर चालतात. एका डोळ्यात मंद उजेडात काम करणाऱ्या दंड पेशी 12 कोटींच्या घरात, शंकू पेशी 60 लाखांच्या आसपास, पण बाहेर जाणारे तंतू फक्त 10-12 लाख. याचा अर्थ निवड आणि गोळाबेरीज दृष्टिपटलातच सुरू होते. मध्यभागातल्या शंकू पेशींना मात्र जवळजवळ स्वतंत्र तार असते, म्हणून तिथली नजर तीक्ष्ण.

दृष्टिपटल पापुद्र्यासारखं सुटतं ना, तेही मुलांना सांगा. जिवंत डोळ्यातही ते मागच्या रंगद्रव्य-थराला डिंकाने चिकटवल्यासारखं नसतं. तो थर मधलं पाणी सतत शोषून घेतो म्हणून ते जागेवर राहतं. छिद्र पडून मागे पाणी शिरलं तर ते तसंच सुटतं. अचानक प्रकाशाच्या चमका, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, कडेने पडदा सरकल्यासारखं दिसणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. दुखत नाही म्हणून लोक चार दिवस थांबतात आणि तेवढ्यात मध्यभाग सुटतो.

पारपटलाचा धुरकटपणाही माणसाला लागू आहे. पारपटलाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, तो पाणी बाहेर उपसत राहतो म्हणून ते पारदर्शक राहतं. मृत्यूनंतर उपसणं बंद पडतं. म्हणूनच नेत्रदानात पारपटल सहा तासांच्या आत काढून घेतात. तोवर घरच्यांनी पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा आणि डोक्याखाली उशी द्यायची. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तरी नेत्रदान होतं, कारण बसवतात ते पारपटल, अख्खा डोळा नव्हे. असं पहिलं यशस्वी रोपण एडुआर्ड झिर्म यांनी 1905 मध्ये केलं.

---

रापणकर

किनारपट्टीच्या शाळांसाठी, किंवा बकऱ्याचे डोळे मिळालेच नाहीत तर, माशाचं डोकं चालतं. सुरमई, घोळ, मोठा तांबोशी, यांच्या डोळ्यातलं भिंग सहज सुटतं. फरक एवढाच की ते पूर्ण गोल गोळी असतं. वैद्यांनी वर सांगितलंच आहे: पाण्यात पारपटलाचा उपयोग नाही, सगळी भिस्त भिंगावर, म्हणून ते गोल आणि घट्ट. बहुतेक हाडवाले मासे फोकस करताना ही गोळी पुढे-मागे सरकवतात, फुगवत नाहीत. तळलेल्या माशाच्या डोळ्यातून निघणारी पांढरी कडक गोळी म्हणजे शिजलेलं भिंगच. मुलांनी ती ताटात शंभरदा पाहिलेली असते.

माशाचं पारपटल मात्र लवकर खराब होतं आणि बर्फातल्या माशाचा डोळा खोल गेलेला असतो. पहाटेच्या लिलावाचा मासा मिळाला तरच घ्या.

---

फळा_खडू

अपेक्षेपेक्षा फार जास्त मिळालं, आभार. अजून दोन गोष्टी. दृष्टिपटलावर प्रतिमा उलटी पडते हे त्याच डोळ्यावर दाखवता येईल का? आणि ते दाखवलं की एक तरी हात वर होणार: मग आपल्याला जग सरळ का दिसतं?

---

चुंबकसुई

दाखवता येतं, थोडं कौशल्य लागतं. 1637 मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने बैलाच्या डोळ्यावर असाच प्रयोग वर्णन केला आहे. त्यासाठी बाराव्या डोळ्याला हात लावू नका, तो सर्वांत ताजा आणि स्वच्छ पारपटलाचा हवा.

डोळ्याच्या मागे, नसेच्या थोडं वर, 8 ते 10 मिलिमीटरचा चौकोन आखा. श्वेतपटल ब्लेडने थराथराने कापा, आरपार नाही. पांढरा तुकडा चिमट्याने उचलला की खाली काळं रंजितपटल दिसतं. तेही टोकाने अलगद सोलून काढायचं, कारण काळ्या थरातून आणि परावर्तक भागातून प्रकाश बाहेर येणार नाही. आता फक्त दृष्टिपटल आणि जेली उरते आणि ती फुगून बाहेर येऊ बघते. लगेच ओल्या ट्रेसिंग पेपरचा तुकडा त्यावर टेकवा. देकार्तनेही पांढरा कागद किंवा अंड्याच्या कवचाचा तुकडा असंच काहीतरी लावायला सांगितलं आहे.

काळ्या पुठ्ठ्याला दोन सेंटिमीटरचं भोक पाडून पारपटल त्यातून पुढे येईल असा डोळा बसवा. खोली पूर्ण अंधारी करा. समोर अर्ध्या मीटरवर पेटती मेणबत्ती. कागदावर उलटी ज्योत दिसते. मेणबत्ती डावीकडे नेली की प्रतिमा उजवीकडे जाते, हे मुलांना स्वतः करू द्या. धूसर असेल तर मेणबत्ती थोडी पुढे-मागे करा.

काहीच दिसलं नाही तर बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं. पारपटल सुकलं आहे, दोन थेंब मिठाचं पाणी टाका. जेली बाहेर गळून डोळा बसला आहे, मग प्रयोग संपला, दुसरा डोळा घ्या. किंवा खोलीत उजेड आहे. प्रतिमा फार मंद असते, त्यामुळे चाळीस मुलांना एकदम दिसणार नाही. मोबाइलचा कॅमेरा मागे लावून भिंतीवर दाखवा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना "मेंदू प्रतिमा सरळ करतो" असं म्हणू नका. त्यातून मुलांना वाटतं, आत आणखी एक पडदा आहे आणि तो बघणारा कुणीतरी बसला आहे. आत चित्र बघणारं कुणी नाही. दृष्टिपटलाच्या खालच्या भागातून आलेला संदेश म्हणजे वस्तू वर आहे, वरच्या भागातला म्हणजे खाली, ही जोडणी हात, डोकं, डोळे हलवत वापरात असते. 1896-97 मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रॅटन यांनी जग उलटं दाखवणारी भिंगं सलग काही दिवस डोळ्यावर बांधून पाहिली. सुरुवातीला हात भलतीकडे जायचा, दिवस गेले तशी हालचाल जमायला लागली, आणि भिंगं काढल्यावर पुन्हा थोडा गोंधळ झाला.

कापाकापी न बघणाऱ्या मुलांना याच तासात अंधबिंदूचं काम देता येईल. कोऱ्या कार्डावर डावीकडे फुली, तिच्या उजवीकडे 8 सेंटिमीटरवर 1 सेंटिमीटर व्यासाचा काळा ठिपका. डावा डोळा झाकायचा, उजव्याने फुलीकडेच बघत कार्ड हळूहळू जवळ आणायचं. सुमारे 30 सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो आणि आणखी जवळ आणला की परत येतो. अंधबिंदू नजरेच्या मध्यापासून कानाच्या बाजूला साधारण 15 अंशांवर असतो, 8 आणि 30 यांचं गुणोत्तर त्यावरूनच येतं. त्रिकोणमिती नुकतीच शिकलेली मुलं हे स्वतः काढू शकतात. ठिपका जातच नाही असं म्हणणारा मुलगा फुली सोडून ठिपक्याकडे बघत असतो. मग रेषेवर ठिपका काढून परत करायला सांगा. ठिपका जातो, पण रेष तुटलेली दिसत नाही, आजूबाजूच्या माहितीवरून मधली जागा भरली जाते.

---

कात्री_चिमटा

वेळेचं गणित राहिलं होतं. बाहेरून निरीक्षण 10 मिनिटं, चरबी काढणं 10, कापणं 5, मागचा भाग 20, पुढचा भाग 15, आवराआवर 10. चुंबकसुई यांचा मेणबत्तीचा प्रयोग यात बसणार नाही. तो डोळा आधीच तयार करून मिठाच्या पाण्यात ठेवा आणि मुलांना पाचापाचाने बाजूच्या अंधाऱ्या खोलीत पाठवा.

पुढचा भाग घाईत गुंडाळावा लागला तर बुबुळ वगळा, समायोजी कडं वगळू नका. बुबुळ नंतर आरशातही दिसतं.

आवरताना: हत्यारं 1 टक्का हायपोक्लोराइटमध्ये दहा मिनिटं. बाजारातलं ब्लीच साधारण 5 टक्क्यांचं असतं, त्याच्या एका भागात चार भाग पाणी. त्याहून जास्त वेळ ठेवलीत तर कात्र्या गंजतात, लगेच धुऊन पुसा. ट्रे आणि टेबल त्याच पाण्याने पुसायचं. अवयव ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, दुपारपर्यंत कुत्री शाळेच्या दारात येतात. आवारात दोन फूट खड्डा, वर चुना, वर माती. ब्लेड हातानं मुठीतून ओढून काढायचं नाही, चिमट्याने मागून उचलून सरकवायचं आणि झाकणाच्या जाड डब्यात टाकायचं. मोजून दिलेली ब्लेडं मोजून परत घ्या. कुणाच्या डोळ्यात थेंब उडाला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा, चोळायचा नाही.